उजवी कूस

श्रुतिका मुलुंडच्या एका रुग्णालयात सिस्टर. चाळिशी उलटल्यावर नर्सिंगची डॉक्टरेट करायचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं आणि आता वॉर्डात काहीतरी सुधारून दाखवायचा प्रकल्प आखायचा होता. विषय शोधावा लागलाच नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना होणाऱ्या जखमा. रोग्याची कूस वेळच्या वेळी बदलली तर त्या टळतात, हे तिने झोपेतही सांगितलं असतं.

दहिसरला तिचे बाबा, गुणाजी, पक्षाघाताने पडून होते. आई एकटीच त्यांचं सगळं करायची. कूस कशी बदलायची ते श्रुतिकाने तिला एकदा दाखवलं होतं. "वळवतेस ना गं?" ती फोनवर विचारायची. "होय तर," आई म्हणायची. संपला विषय. प्रकल्पाच्या आराखड्यापायी श्रुतिकाचे रविवारही घरातच जात होते.

आराखडा मंजूर झाला तशी ती पेढे घेऊन दहिसरला गेली. बाबांचं अंग पुसायला तिने चादर काढली. डाव्या खुब्यावर जखम, पार हाडापर्यंत. उजव्या बाजूला साधा वळही नव्हता.

"आई, उजव्या कुशीवर कधीच नाही वळवलंस?"

आईने पलंगाच्या डावीकडच्या भिंतीवरच्या देव्हाऱ्याकडे बघितलं.

"देवाक पाठ करून निजवू काय गो ह्येंका? उताणे, नायतर डाव्या कुशीर. वळवीतच होतंय मी."

रागवायचं तरी कोणावर? ती बिचारी खोटं बोललीच नव्हती. कोणत्या कुशीवर, हे श्रुतिकाने कधी विचारलं नव्हतं. तिने देव्हारा काढला आणि बाबांच्या उशामागच्या भिंतीवर लावला. आता कुठेही वळले तरी देवाला पाठ होत नव्हती. पण जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. बाबा महिनाभरही टिकले नाहीत.

तेराव्यानंतर तिने गाईडबाईंना सांगितलं, आराखडा नव्याने करायचाय.

"मंजूर झालेला कशाला मोडतेस गं?"

"मॅडम, आधी लोकांच्या घरी जायचंय. ते कसं करतात, का करतात, विचारायचंय."

दहिसरच्या खोलीतून पलंग गेला होता. रिकाम्या भिंतीवर देव्हारा उगाच एकटा दिसत होता.

"जुन्या जागी लावूया का गं?" श्रुतिकाने विचारलं.

आई देवापुढे निरांजन लावत होती. तिने नकारार्थी मान हलवली.

"थंयच ऱ्हवांदे. तेवढेच चार दिवस उजव्या कुशीर निजले ते."