पाठमोरा

पूनमनं कात्रणाच्या चारही कोपऱ्यांत टाचण्या टोचल्या आणि ती फलकापासून बाजूला झाली. दिपाली नेहमीप्रमाणे वाचायला पुढे झाली, पण दुसऱ्याच ओळीवर तिचे डोळे मजकूर सोडून फोटोकडे गेले.

फोटोत जेसीबी होता आणि अर्धं पडलेलं घर. जेसीबीच्या अलीकडे एक पाठमोरा माणूस फोनवर बोलत उभा होता. त्याच्या खांद्याला डब्याची पिशवी होती. हिरवी, पिवळ्या काठाची, आणि तिचा एक बंद निळ्या नाडीचा.

ती पिशवी दिपालीच्या आईनं जुन्या लुगड्याची शिवलेली. बंद तुटला तेव्हा निळी नाडी दिपालीनंच लावली होती.

मध्य प्रदेशातल्या सौसरच्या लॉ कॉलेजात ती संविधान शिकवायची. पुस्तकं हिंदी, परीक्षा हिंदी, आणि भांडण रंगलं की वर्ग मराठीवर यायचा. तासाची सुरुवात बातमीनं होई. एकानं पेपरातलं कात्रण लावायचं आणि बाकीच्यांनी त्या बातमीला लागू पडणारं कलम शोधायचं. पहिल्याच महिन्यात दोन पक्षांचे भक्त एकमेकांच्या कॉलरला गेले, तेव्हा तिनं नियम केला: पक्षाचं, नेत्याचं, कुणाचंही नाव काळ्या स्केचपेननं खोडूनच बातमी लावायची. आधी कलम, मग नाव. कॉलरी वाचल्या आणि पोरं खरंच कायद्यावर भांडायला लागली. फोटोचा नियम करायचं मात्र तिला सुचलं नव्हतं.

"मारपिटीच्या केसमधी एका पोराले अटक झाली," पूनम सांगू लागली, "अन् दुसऱ्याच दिवशी त्याच्या बापाचं घर पाडलं. अतिक्रमण म्हणून. नोटीस त्याच सकाळी चिपकवली, तारीख मागची टाकली, असं घरचे म्हणून राहिले."

"गुंडगिरी केली त मंग पाडनच न," मागून रोशन म्हणाला.

"पोरानं केली असंन," पूनम म्हणाली. "बापाचं घर काहून पाडाचं?"

"कलम सांगा," दिपाली म्हणाली.

समानतेचं चौदा आलं, जगण्याचं एकवीस आलं, मालमत्तेचं तीनशे-अ आलं. मग रोशननंच विचारलं, "मॅडम, नोटीस खोटी निघाली त त्या साहेबाचं काय होते?"

अशा पाडकामांवरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मागच्या सत्रात तिनं रंगवून रंगवून सांगितला होता. पंधरा दिवस आधी नोटीस. नाही तर अधिकाऱ्यानं स्वतःच्या खिशातून घर उभं करून द्यायचं, वर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई. पोरांनी बाकं वाजवली होती. तेव्हा तो अधिकारी म्हणजे कुठलातरी माजलेला साहेब होता, आणि त्याला बायको-पोरं असतील असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"पुढच्या तासाला पाहू," ती म्हणाली आणि पुस्तक उघडलं. पान कोणतं उघडलं ते तिला दिसलं नाही.

तास सुटल्यावर पूनम टेबलाशी थांबली.

"मॅडम, ते घर माया मामाचं आहे."

दिपालीनं खुर्चीची पाठ धरली.

"मामाले कोर्टात जाचं आहे. वकील म्हणते, समोर उभं राहून कोणी पाडलं त्याचं नाव पाहिजे. पेपरात त्या साहेबाचं नावच नाही, अन् गावात कोणी सांगाले तयार नाही. समदे भेऊन राहिले. कसं काढाचं नाव?"

"मामा-मामी आहेत कुठं आता?"

"वट्यावर. दारापुढचा वटा तेवढा राहिला."

"उद्या सांगते," दिपाली म्हणाली.

घरी जाताना पांढुर्ण्याच्या बसमध्ये तिनं फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा पर्समध्ये टाकला. विनायक, तिचा नवरा, जिल्ह्याबाहेरच्या एका लहान नगर परिषदेत उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ अभियंता होता. रोज गाडीनं जायचा, रोज गाडीनं यायचा. साधा माणूस, वरच्याचा फोन आला की बसल्या जागी उभा राहणारा.

आज तो तिच्या आधी घरी पोचला होता. दोरीवर पिशवी वाळत होती. लग्नापासून त्यानं कधी स्वतःचा रुमालही धुतला नव्हता.

"ती पिशवी आता नोको वापरू," तो म्हणाला. "फेकून दे."

"काहून?"

त्यानं समोरचा पेपर घडी करून गादीखाली सरकवला.

"नोटीस कवा लावली?"

"पाडलं त्याच सकाळी." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "फोनावर फोन येऊन राहिले होते, दिपाली. तारीख म्या मायाच हातानं टाकली. पण फोटोत पाठमोरा आहे न. कोणी नाही ओळखत."

"म्या ओळखलं."

आत त्यांची लेक सोनाली पाढे म्हणत होती. विनायक घाबरला होता, पण दिपाली त्याच्याहून जास्त घाबरली होती, कारण अशा अधिकाऱ्याचं पुढे काय काय होतं ते तिला पाठ होतं. गप्प राहणं किती सोपं होतं! तिला नाव ठाऊक आहे हे कुणाला कळणार नव्हतं. आणि मग पुन्हा पुन्हा मामीचा वटा तिच्या डोळ्यांपुढे यायचा.

सकाळी तिनं दोन डबे भरले. त्याचा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. स्वतःचा हिरव्या पिशवीत घातला आणि ती खांद्याला लावली. विनायक दारात बसला होता, एक बूट हातात.

"तुमचं नाव मी सांगून राहिली," ती म्हणाली. "वरून फोन कोणाचे आले, ते कोर्टात तुम्ही सांगा."

"मले भेव लागून राहिलं."

"मलेही."

हात लांबवून त्याला ती पिशवी सहज ओढून घेता आली असती. तो वाकला आणि बुटाची नाडी बांधू लागला. गाठ काही नीट बसेना.

वर्गात तिनं पिशवी टेबलावर ठेवली, निळ्या नाडीची बाजू पोरांकडे करून. रोशन कोणाशी तरी हसत बोलत होता. पूनमनं पिशवी पाहिली, फलकाकडे पाहिलं, आणि पुन्हा पिशवी पाहिली. तिचा चेहरा उतरला.

मग ती उठली. कंपासमधून काळा स्केचपेन काढून ती फलकाजवळ गेली आणि टोपण उघडून तिनं तो त्या पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यावरच्या पिशवीवर टेकवला.

"नको, पूनम."

पूनम वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"राहू दे ते." दिपालीनं पुढे होऊन तिच्या हातातला स्केचपेन घेतला. "कलम काल झालं आपलं. बस खाली, अन् आता नाव लिहून घे."