योगेंद्रचं फोल्डर

“कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात काय लिहून आलं, वाच ना आई,” योगेंद्र पुण्याहून फोनवर म्हणाला.

“तेच रे. जागा कमी आहे म्हणते.”

“मग उडव ना काही. अन् उडवलेलं टोपलीत जाते, ती रिकामी करजो, नाही तर जागा होत नाही. मी मीटिंगमध्ये जाऊन राहिलो.”

लाखनीच्या या घरात दुपारी माझ्याकडे काही मागणारी ती कोपऱ्यातली सूचनाच. तिचं ऐकलं नाही तर कॉम्प्युटर अडतो आणि योगेंद्रचा रविवारचा व्हिडिओ कॉल बुडतो.

सगळ्यात मोठं फोल्डर त्याच्याच नावाचं. पंधरा वर्षांपूर्वी नोकरीला गेला, तेव्हा ठेवून गेलेलं. मी ते कधी उघडलं नाही. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण पोरांच्या दप्तरात हात घातला नाही.

म्हणून माझंच उडवत आले. आधी गॅदरिंगचे फोटो, मग भाच्यांची लग्नं. शेवटी सुलोचनाचे व्हिडिओ उरले. आंबागडला लहानपणी आम्ही एकाच बांधीत वाकून धान रोवलं होतं. रोवण्याची गाणी तिच्याइतकी कोणाला येत नव्हती. ती ओळ सांगायची, आम्ही मागून धरायचो. चार वर्षांपूर्वी मी तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं, तर म्हणाली, “ललिते, हा डब्बा माझा आवाज गिळून तर नाही टाकणार ना वं?”

फाल्गुनात ती गेली. त्यानंतर दर वेळी सूचना आली, की तिचं एक गाणं पाहायचं आणि पुसायचं. योगेंद्रचा फोन झाला त्या दिवशी शेवटचं पुसलं. टोपलीही रिकामी केली.

रविवारी कॉल न अडकता लागला.

“आज मस्त साफ दिसून राहिली तू!”

“तुझ्या फोल्डरले हात नाही लावला बरं मी.”

“कोणतं फोल्डर?” त्याला आठवायला वेळ लागला. मग हसत सुटला. “आवं आई, त्यात जुने गेम अन् पिक्चर आहेत! पहिले तेच उडवाचं होतं ना.”

“मग सांगितलं काहून नाही?”

“तू इचारलं काहून नाही?”

मीही हसले. तेवढ्यात त्याचं जेवण आलं.

कॉल संपल्यावर ते फोल्डर पुसलं. अर्धा कॉम्प्युटर रिकामा झाला. मग कॅमेरा सुरू केला, पदर सारखा केला आणि म्हटलं,

“धुऱ्यावर बगळा बाई उभा एकला...”

आणि सुलोचना थांबायची तशी थांबले, मागच्या बायांनी ओळ धरावी म्हणून. पंखा फिरत होता. पडद्यावरचे आकडे पुढे सरकत होते. बायांना ओळ धरायला जेवढा वेळ लागायचा तेवढा मी दिला. मग दुसरी ओळ घेतली.