मनकवडे साहेब, खोली नंबर सात

मूळ किंमत

"हजाराचाही फरक नाही हो! माझ्या मनात होता तोच आकडा!"

सात नंबरच्या काचेच्या खोलीतून तो माणूस डोळे पुसतच बाहेर आला. शोरूममध्ये पन्नासेक माणसं खोळंबली होती, पण चकचकीत गाड्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांना मनकवड्या साहेबांचं दर्शन हवं होतं. साहेब डोळे मिटतात, दोन बोटं कपाळाला लावतात आणि तुम्ही जास्तीत जास्त किती देऊ शकता तो आकडा सांगतात. नेमका. मग त्याच आकड्यात गाडी देतात. याला लोक कृपा म्हणत होते.

"बघितलंस?" दादानं बहिणीला कोपरानं ढोसलं.

"बघितलं. माणूस लुटला गेला आणि वर आभार मानून आला."

"गप गं. जाशील तिथे शाळा भरवू नकोस."

दादा नळजोडणीची कामं करायचा. बहीण प्राथमिक शाळेत शिकवायची, म्हणून घरीदारी ती मास्तरीण. सोमवारपासून दादाला एका नव्या इमारतीचं काम मिळालं होतं आणि त्याची जुनी व्हॅन तर चढ दिसला की धापा टाकायची. चार लाखांत गाडी मिळाली तर उरलेल्यातून पाइप येणार होते. चाराच्या वर गेलं की गाडी दारात आणि काम दुसऱ्याच्या घशात.

हाताळणी शुल्क

खोलीला खिडकी होती, ती उघडत नव्हती. खुर्च्या इतक्या बुटक्या की टेबल छातीला लागावं. टेबलावर एक फोन, समोर टाय लावलेला विक्रेता.

"ताई, आम्ही गाड्या विकत नाही, नाती जोडतो."

नातं जोडायला त्यानं आधी जुन्या व्हॅनची किल्ली मागून घेतली, मूल्यांकनासाठी. मग "साहेबांकडे तुमच्यासाठी शब्द टाकतो" म्हणून गेला. दार आपसूक बंद झालं.

दादा कुजबुजला, "चारच म्हणायचं. अगदीच अडलं तर चार साठ. पाइपांचं मग बघू."

दहा मिनिटांनी साहेब आले. डोळे मिटले. बोटं कपाळाला. एक लांब श्वास.

"चार लाख... साठ हजार."

दादाचं आ वासलेलं तोंड मिटेना. "साहेब, देवमाणूस आहात!"

"मी कोण? मनं बोलतात, मी ऐकतो."

"चार लाखही त्याच मनात होते," मास्तरीण म्हणाली. "ते नाही ऐकू आले?"

"ताई, शंका घेतली की लहरी तुटतात."

कागद आला. गाडी, हाताळणी, कागदपत्रं, रंगरक्षण, संकीर्ण. एकूण बरोबर चार लाख साठ हजार. मास्तरणीनं तो दोनदा वाचला. ही वरून खाली केलेली बेरीज नव्हती. आकडा आधी खाली लिहिला होता आणि तिथपर्यंत पोचायला वर शुल्कं रचली होती.

प्रतीक्षा (विनामूल्य)

"किल्ली द्या, उद्या येतो."

"मूल्यांकन चालू आहे, ताई."

अर्धा तास.

"किल्ली?"

"मूल्यांकनवाले जेवायला गेलेत."

"किल्ली ताटात वाढून घेतलीय का?"

टायवाला हसला आणि गेला. पुन्हा दार बंद. बाहेर चालत निघावं तर व्हॅन यांच्या ताब्यात, आणि दादाचा जीव व्हॅनमध्ये. बसून बसून त्याचे खांदे उतरले. त्यानं पेन उचललं.

"करतो सही. सुटू तरी."

ऐच्छिक उपकरण

त्यांच्या आईला ऐकू येत नसे. दोघं भावंडं लहानपणापासून हातांनी बोलत, हातांनीच भांडत. मास्तरणीनं त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि हातांनी सांगितलं: तोंडानं बोलू नकोस. हा आपण बोललेलं ऐकतो.

दादाचे हात रागावले: देवमाणसाची परीक्षा?

तिचे हात म्हणाले: एकदाच. खोटा ठरला नाही तर मी स्वतः सही करते.

मग तिनं टायवाल्याला हाक मारून सांगितलं, "आम्हाला ती छोटी गाडी चालेल. साहेबांना पुन्हा बोलवा." तो गेल्यावर ती अगदी कुजबुजत म्हणाली, "दादा, छोटीला मामांनी दिलेले पंधरा हजार धरून दोन नव्वद द्यायचे. वर एक पैसा नाही." हातांनी मात्र तिनं दाखवलं: छोटीला खरे तीन चाळीसपर्यंत जाऊ.

साहेब आले. बोटं कपाळाला.

"दोन नव्वद! आणि... एका वडीलधाऱ्याचा हात पाठीवर दिसतोय. मामा! पंधरा हजार दिलेत त्यांनी."

दादा हळूच उठला.

"साहेब, आम्हाला मामाच नाही. आमची आई एकुलती एक."

साहेबांचे डोळे खाडकन उघडले. मास्तरणीनं टेबलावरचा फोन ओढला. रिसीव्हर जागेवर होता, पण एका कोपऱ्यात चिकटपट्टी होती. ती सोलताच खालचा हिरवा दिवा दिसला. लाइन चालूच होती. तिनं दार उघडलं, वायर पुरेल तिथवर फोन बाहेर नेला आणि स्पीकरचं बटण दाबलं.

साऱ्या शोरूमला चहा भुरकल्याचा आवाज आला. मग, साहेबच फोनवर आहेत असं वाटून, एक कंटाळलेला आवाज: "सात नंबर, दोन नव्वद सांगितलंत ना? घ्या सही लवकर, आठ नंबरवाल्यांची बायको रडायला लागलीय."

आठ नंबरचं दार उघडलं.

एकूण

मघाचा डोळे पुसणारा माणूस पुढे आला. "पण माझा आकडा त्यांनी खरंच ओळखला होता."

"तुम्ही तो खोलीत बोलला होतात?" मास्तरणीनं विचारलं.

"बायकोशी. तिच्या कानात."

"दोन कानांत बोललात. एक तिचा, एक यांचा. दादा, काका, कुणाच्याही मनात कुणी शिरत नाही. न सांगितलेलं एखाद्याला कळलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे कळायला साधी वाट कुठली असेल? आणि वाट सापडेपर्यंत सही करू नका."

"शंकेनं..." साहेबांनी सुरुवात केली. पुढचं कुणी ऐकलं नाही. मूल्यांकनवाल्यांचं जेवण एकाएकी उरकलं होतं. टायवाल्यानं खिशातून किल्ली काढली आणि दादापुढे धरली. ती सकाळपासून खिशातच होती.

दादानं ती घेतली. कान तापले होते, सोमवार तसाच डोक्यावर होता. तो शोरूमच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि बाजारात भाव सांगावा तसा खणखणीत बोलला:

"माझ्याकडे चार साठ आहेत, देणार चार. त्यात सगळं आलं. देता का?"

साहेबांची बोटं सवयीनं कपाळाकडे गेली.

तेवढ्यात आठ नंबरची ती बाई, डोळे अजून ओले, दाराशी येऊन ओरडली, "माझे तीन वीस. देता का?"

आणि मग एकेक करत सगळेच आपापले आकडे मोठ्यानं सांगायला लागले.