पंखावरचा मळका चुना

मी एक विमान बोलतोय. वीतभर लांबीचं, प्लास्टिकचं. कुठे कुठे उडालास असं विचारू नका. खोक्यात बसून कुरिअरने मुरबाडला आलो, तेवढाच माझा प्रवास.

जगदीशने माझे तुकडे जोडले. तो टेम्पो-ट्रकवर नंबर आणि मालकांच्या पोरांची नावं रंगवायचा. त्याने मला हिरवा रंग दिला तेव्हा वाटलं, झालं काम. पण मी पडलो बर्फाच्या देशातलं लढाऊ विमान. तिथे हिवाळ्यात हिरवं विमान लपत नाही, म्हणून सैनिक वरून कच्चा पांढरा रंग फासायचे. जगदीशने वडिलांच्या तंबाखूच्या डबीतला चुना डिंकाच्या पाण्यात कालवला आणि माझ्यावर चढवला.

मग तो मला मळवायला बसला! बर्फ त्याने फ्रिजमधला तेवढा पाहिलेला. पांढरा रंग कसा झिजतो, हे तो म्हसा गावाच्या रस्त्यावरच्या झाडांकडून शिकला. चुना दिलेल्या बुंध्याला गुरं अंग घासतात, तिथे साल उघडी पडते. वैमानिक जिथे पाय देऊन चढला असता, तिथे त्याने माझा चुना तसाच घासला. इंजिनामागे दिव्याची काजळी लावली. मी मळत गेलो आणि खरा वाटायला लागलो. खोटं कशाला बोलू, मला माझ्या मळाचा गर्व झाला होता.

त्याला घाई होती. डोळ्यांत काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही टिकणार नाही, असं शहापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. "हे शेवटचं," तो म्हणायचा. "पुरं झालं की एकदा उन्हात धरून डोळे भरून बघनार."

शेवटचा हात फिरला त्या दिवशी आभाळ होतं. तो म्हणाला, उद्या बघू.

त्याच संध्याकाळी अनिताताईने घर आवरायला काढलं. ही त्याची थोरली बहीण. म्हशाची जत्रा तोंडावर आलेली, पाहुणे येणार. फळीवरची भांडी उतरवता उतरवता तिने मलाही उचललं. ताई, मला नको, मला नको, असं मी जीव तोडून ओरडत होतो. प्लास्टिकचा आवाज कोणाला ऐकू जाणार? जुन्या टूथब्रशने तिने मला घासघासून धुतलं. माझा हिवाळा मोरीतून वाहून गेला. वर पदराने पुसून तिने मला मायेने फळीवर ठेवलं.

सकाळी जगदीशने बोट फिरवलं. गुळगुळीत.

"ताई, धुतलंस?"

"लई मळलं होतं रे. पावनं काय म्हनतील?"

सगळं कळल्यावर ती मोरीकडे धावली. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "तू रंगव," म्हणाला, "मी सांगतो."

पण आठ दिवसांत त्याची नजर आणखी उतरली. आणि ताईचा हात भिंती सारवणारा. डाव्या पंखाला चुना दिला, पण एक डाग राहू देईल तर शपथ.

"खराब कर गो ताई."

"जीव होत नाय रे."

शेवटी डोळे मिटून तिने नखाने खरवडलं. डावा पंख जमला. उजवा हिरवाच होता, तेवढ्यात जत्रेचा दिवस उजाडला.

"दे इकडं. ऊन आलंय," जगदीश म्हणाला.

"अजून झालं नाय..."

त्याने ऐकलं नाही. दारात जाऊन मला उन्हात धरलं, अगदी डोळ्यांजवळ. उजवा पंख त्याच्याकडे होता. धुतलेला, कोरा हिरवा.

बराच वेळ तो बघत राहिला. मग हसला.

"दिसलं गो. काय मळलंय! त्या झाडांसारखं."

ताईने तोंडात पदर कोंबला.

तेव्हापासून मी फळीवर आहे. ताई रोज उजव्या पंखापाशी चुन्याचा ब्रश नेते, पण तिचा हात पुढे होत नाही. पुढच्या जत्रेला तुम्ही या घरी याल. जगदीश मला कौतुकाने तुमच्या हातात देईल. तुमच्या पाया पडतो, तेव्हा रंगाचं काही बोलू नका.