मार्लिस आत्या आणि वर आलेलं बटण

यंदाच्या थँक्सगिव्हिंगला आमच्या घरी तेरा माणसं टर्की जेवली आणि तेराच्या तेरा धडधाकट राहिली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण त्याचा आनंद मानायचा तर गेल्या वर्षी काहीतरी झालं होतं हे कबूल करावं लागतं, आणि गेल्या वर्षी काहीही झालं नव्हतं. मार्लिस आत्याकडे तेरा माणसं जेवली, बर्फामुळे तिथेच मुक्कामाला राहिली आणि पहाटे त्या तेराही जणांना, एकच संडास असलेल्या घरात, योगायोगाने फ्लू झाला. इतकंच.

आमच्या उत्तर मिनेसोटात कोणी कशाला वाईट म्हणत नाही. 'वेगळं' म्हणतात. शेजाऱ्याने गॅरेज जांभळं रंगवलं, ते वेगळं आहे. नव्या पाद्रीबुवांनी प्रवचनात गिटार वाजवली, तीही वेगळी होती. ज्याचं काम एकदा 'वेगळं' ठरलं, त्याला पुन्हा ते काम कोणी सांगत नाही. उलट एखादी गोष्ट डोळ्यांत पाणी येण्याइतकी चांगली असेल तर 'याहून वाईट असू शकलं असतं' असं म्हणतात. ही पदवी माझ्या माहितीत दोनदाच दिली गेली आहे. एकदा नदीवरच्या पुलाला, एकदा आजीच्या टर्कीला.

आजी गेली तेव्हा तिचं टर्की भाजायचं निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं, झाकणवालं घमेलं मार्लिस आत्याकडे गेलं. घमेलं ज्याच्याकडे, थँक्सगिव्हिंग त्याच्याकडे. फ्लूनंतर आत्याने ते टॉवेलात गुंडाळून चर्चच्या पार्किंगमध्ये माझ्या ताईच्या हातात दिलं आणि एक वर्ष बघ म्हणाली. म्हणजे सॉल्वेगताईची टर्की 'वेगळी' झाली की घमेलं परत आत्याकडे, कायमचं, आणि घमेल्याबरोबर आमची सगळ्यांची पोटंही.

ताईला ते घमेलं हवंच होतं. सात वर्षांची असल्यापासून ती स्टुलावर उभी राहून आजीच्या टर्कीवर ब्रशने लोणी फासायची. आता ती चीजच्या कारखान्यात नोकरी करते. हौदात थर्मामीटर खुपसायचा आणि 'नाही' म्हणायचं, हे तिचं काम. त्यात तिला दोनदा बढती मिळाली आहे.

तिने बावीस पौंडांची टर्की आणली. गोठलेली टर्की फ्रीजमध्ये हळूहळू वितळवायची, चार-पाच पौंडांना एक दिवस, आणि थँक्सगिव्हिंग गुरुवारी, या हिशोबाने आदल्या शुक्रवारी ती फ्रीजमध्ये गेली. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. मग मंगळवारी संध्याकाळी बाबांना फ्रीजमध्ये मोहरीच्या सॉसची बाटली सापडेना.

बाबांनी मोहरी शोधण्यासाठी टर्की बाहेर काढली आणि गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. यात त्यांना काही गैर वाटलं नाही, कारण नोव्हेंबर ते एप्रिल आमच्या गावात गॅरेजला फ्रीजच समजतात. तिथे दूध असतं, सूप असतं, एका वर्षी आजोबांची कवळीही होती. फक्त या फ्रीजला बटण नसतं. त्या रात्री पारा शून्याच्या बारा अंश खाली गेला आणि बुधवारी सकाळी सहा वाजता ताईने टर्कीवर टिचकी मारली तर दारावर कोणी आल्यासारखा आवाज झाला. बाबा खरंच दार उघडायला गेले.

परत आल्यावर बाबांनी तीन उपाय सुचवले: रेडिएटर, हेअर ड्रायर आणि प्रार्थना. ताईने तिन्ही नाकारले. स्वयंपाकघरात उबेला ठेवली तर आत बर्फ आणि बाहेर जंतूंची जत्रा, असं तिचं म्हणणं. उरलं थंड पाणी. पौंडाला अर्धा तास, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं, म्हणजे अकरा तास. एवढी टर्की मावेल असं भांडं घरात एकच होतं, ते म्हणजे न्हाणीघरातला टब.

मग प्लास्टिकच्या वेष्टनासकट, छाती खाली करून, टर्की आंघोळीला बसली. ताई, मी आणि बाबा अशा पाळ्या लागल्या. दर अर्ध्या तासाला गजर व्हायचा, पाणी सोडायचं, भरायचं. दुपारपर्यंत आम्ही तिच्याशी बोलायला लागलो होतो. बाबा पाळीला जाताना दारावर टकटक करून जात. तीन वाजता मी आत गेलो तर ते कमोडवर बसून तिला वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या नोंदी वाचून दाखवत होते. मला बघून म्हणाले, "तिला घाई नाही, तू जा."

पाच वाजता ती मऊ झाली आणि फ्रीजमध्ये गेली. ताईने टब ब्लीचने असा घासला की त्यात उतरायला बाबांना अजून संकोच वाटतो. फ्रीजच्या दारावर तिने चिठ्ठी लावली: मोहरी वरच्या कप्प्यात आहे, डावीकडे.

गुरुवारी सकाळी ताईने सारण केलं. शिळा पाव, कांदा, सेलरी, लोणी, सेजची पानं. आत्या सारण आदल्या संध्याकाळीच टर्कीच्या पोटात भरून ठेवायची. ताईने ते चुलीवरून उतरवलं, गरम असतानाच सैलसर भरलं आणि लगेच घमेलं ओव्हनमध्ये सरकवलं. बाबांना त्याआधी टर्की नळाखाली धुवायची होती. ताईने विचारलं, तेराजणांच्या कपबशांवर कच्च्या टर्कीचे शिंतोडे उडवायचे आहेत का. बाबांनी विचार केला आणि नको म्हणाले.

बाराला काका, पोरं आणि बाकीच्या मंडळींबरोबर मार्लिस आत्या आली. हातात भोपळ्याचा पाय (गोड खायचा, टर्कीचा नव्हे), अंगात चर्चला जायचा कोट. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिने घमेल्याकडे असं पाहिलं, जसं लोक सासरी गेलेल्या मुलीकडे बघतात.

जेवण एकला. एकला दहा कमी असताना टर्कीच्या छातीत खोचलेलं लाल बटण टपकन वर आलं. कारखान्यातून खोचून येणारं ते बटण टर्की शिजली की आपणच वर येतं. आत्याने पोरांना हाक मारली, काकांनी सुरी परजली.

ताईने थर्मामीटर काढला. मांडीत एकशे बाहत्तर, छातीत एकशे अडुसष्ट, आमच्याकडचे अंश, म्हणजे फॅरनहाइट. मग तिने तो सारणाच्या ऐन मध्यात खुपसला. एकशे एक्केचाळीस.

"नाही," ताई म्हणाली.

तिने समजावलं. कच्च्या टर्कीचा सगळा रस सारणात उतरतो, म्हणून सारणसुद्धा एकशे पासष्टला पोचलंच पाहिजे. बाकीची बारा भुकेली माणसं हे शांतपणे ऐकत होती. आमच्याकडे माणूस चिडला की आणखी शांत होतो. शेवटी आत्या बोलली. "बटण वर आलंय, सॉल्वेग."

"बटण छातीत आहे, आत्या. सारण पोटात आहे."

"बटणावर विश्वास न ठेवणं," आत्या म्हणाली, "हे वेगळं आहे."

शब्द उच्चारला गेला. काकांनी सुरी खाली ठेवली. बाबा भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर वाचू लागले. ताईचे कान लाल झाले, पण तिने छातीवर फॉइल झाकली, घमेलं परत आत ढकललं आणि ओव्हनचं दार लावलं. मग जाहीर केलं की आधी गोड खायचं.

टर्कीआधी पाय हे आमच्या घराण्यात कधी घडलं नव्हतं. लोकांनी मान खाली घालून खाल्लं, जणू कोणी बघत असावं. लहान मुलांना मात्र हा जगाचा अंत फारच आवडला.

मी पाणी आणायला आत गेलो तर आत्या स्टुलावर बसली होती, ओव्हनच्या काचेकडे बघत. ताई दुसऱ्या बाजूला, हातात थर्मामीटर.

"गेल्या वर्षीही वर आलं होतं," आत्या म्हणाली.

"काय?"

"बटण."

 मग आत्याने हात पुढे केला. "दे इकडे. मी बघते किती झालं."

एकशे त्रेपन्न. हा आकडा तिने बाहेर ऐकू जाईल असा पुकारला. टीव्हीवर सामना चालू होता, पण तो एकतर्फी होता. एकशे सत्तावन्नला काका आत आले, एकशे साठला मुलं, एकशे बासष्टला सगळेच. तेरा माणसं एका थर्मामीटरभोवती जमली. एकशे त्रेसष्टला आकडा अडकला आणि ओव्हनचं दार लावून आम्ही आठ मिनिटं श्वास धरून उभे राहिलो. बाबांनी सुचवलं की त्यालाच एकशे पासष्ट धरायला हरकत नाही. पहिल्यांदाच आत्या आणि ताई एका सुरात म्हणाल्या, "नाही."

एकशे पासष्टला काकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग लाजून हात खिशात घातले.

वीस मिनिटं टर्की निवली, सारण बाहेर काढलं, वाढलं. पहिला घास आत्याचा. तिने तो इतका वेळ चावला की मधल्या काळात मटारचा डोंगा पूर्ण फिरून आला. मग तिने रुमालाने तोंड टिपलं.

"याहून वाईट असू शकलं असतं," ती म्हणाली.

बाबा गॅरेजमध्ये काहीतरी बघायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. जेवणानंतर आत्याने घमेलं स्वतः घासलं, पुसलं आणि ताईच्या कपाटावर, हात पोचेना म्हणून स्टुलावर चढून, ठेवून दिलं. मग दोन तास दारात उभं राहून निरोप घेतला.

सबब माननीय हवामान खात्यास सविनय विनंती की, सदर घमेलं आता आमच्याकडे कायमचं असल्याने, दरवर्षी थँक्सगिव्हिंगआधीच्या मंगळवारी संध्याकाळपासून बुधवारी सकाळपर्यंत आमच्या गॅरेजातलं तापमान चौतीस ते चाळीस अंश फॅरनहाइटच्या दरम्यान, म्हणजे फ्रीजइतकंच, राखण्यात यावं. बाहेरच्या हवेबद्दल आमची तक्रार नाही. अर्जदाराच्या वडिलांना या अर्जाबाबत कळवू नये, आणि पोच मात्र जरूर द्यावी.