थांबवलेलं बाळंतपण

सोमवारी सकाळी बरोबर साडेदहाला शाळेची घंटा झाली, आणि नलूने मला माझ्या जोडीदाराजवळून उचलून वेगळ्या खोक्यात ठेवलं. माझ्या जिवावर बेतलेलं सगळं तिथूनच सुरू झालं. साल १९६१, गाव दारव्हा. मी एक गिनीपिग मादी. लोक मला विलायती उंदीर म्हणतात. पण मला शेपूट नाही, आणि मी कुणाच्या कणगीला तोंड लावत नाही.

तेव्हा मी तीन महिन्यांची होते. जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर देवीलाल याने आमची जोडी नुकतीच नलूच्या घरी दिली होती. नलूच्या पाच वर्षांच्या लेकीला, कौसल्याला, पिल्लं हवी होती.

नलूची सासू रुखमाबाई गावातली सुईण. वेगळं खोकं पाहून ती दारातूनच हसली, "काहून वं, उंदरीले बी शायेत घालतं का?"

"हसा आत्याबाई. माझं लगन तेराव्या वर्षी केलं. पह्यलं लेकरू हातचं गेलं, मी मरता मरता वाचली. हिले वरीसभर नराजवळ जाऊ देनार नाही मी."

तिच्या मायेत खोट नव्हती. वर्षभर तिने मला शेंगदाणे चारले, भाकरी चारली. हिरवा पाला कौसल्याला आठवला तरच. मी खाऊन खाऊन अशी फुगले की मान वळवणं जड झालं. आणि पहिल्या बाळंतपणात सैल होऊन वाट देणारी माझ्या कमरेतली हाडं याच वर्षात घट्ट जुळून गेली. ते मला कळलं नाही, मग नलूला कुठून कळणार?

वर्ष संपलं. तिने आम्हाला एकत्र सोडलं आणि मी गाभण राहिले. आमची पिल्लं पोटातूनच केस घेऊन, डोळे उघडून येतात, म्हणून चांगली मोठी असतात. सव्वादोन महिन्यांनी एका सकाळी कळा आल्या. दुपार झाली तरी पिल्लू येईना.

रुखमाबाईने बोटाने चाचपलं. तिचं हसू गेलं. "नलू, वाटच नाही इथं. हाड दगडावानी हाये. पळ, देवीलालले आन."

नलू अनवाणीच पळाली. देवीलाल आला, त्याने पोटाला हात लावला.

"भाभी, किती महिन्यांची आहे?"

"दीड वर्षाची होईन."

"और पहिलीच खेप? अरे राम! इनकी पहिली खेप सहा महिन्यांच्या आत व्हावी लागते. नंतर हाड जुडून जाते. मीच सांगायला पाहिजे होतं तुम्हाला."

त्याने बोटांना तेल लावलं. पहिलं पिल्लू मेलेलं निघालं. नलू माझं डोकं धरून सारखी म्हणत होती, "मरू नको वं बाई, मरू नको." मीही ठरवलं, मरायचं नाही. दुसरं पिल्लू लहान होतं. ते आलं आणि ओरडलं.

"नराला आत्ताच बाजूला काढा," देवीलाल म्हणाला. "नाही तर आजच पुन्हा गाभण राहील." नलूने नर उचलला तो थेट अंगणात नेला.

रुखमाबाई पुटपुटली, "पाह्य, म्हनून मानसं पोरीचं लगन बी लवकर..."

"ते उंदरीचं हाड हाये, आत्याबाई! माझ्या कौसल्याचं नाव काढू नका."

सासूने तेलकट हात पदराला पुसले. मग म्हणाली, "नाही काढत. माझ्या या हातात कमी कवळ्या पोरी गेल्या का बाळंतपनात?"

तेवढ्यात नलूला आठवलं. बाभुळगावला तिची बहीण भागीरथा राहते. तिच्याकडे माझी सख्खी बहीण आहे, माझ्याच वयाची. नलूच्याच सांगण्यावरून तिलाही वेगळं ठेवलं होतं, आणि येत्या पौर्णिमेनंतर नराजवळ सोडणार आहेत. नलूने तिथल्या तिथे कार्ड लिहिलं. अक्षर सगळं वाकडं आलं.

आज तिसरा दिवस. कौसल्या गवत भरवते तेवढं मी खाते. पिल्लू पोटाशी आहे. यापुढे नर माझ्या खोक्यात येणार नाही, हे नलूचंही ठरलंय आणि माझंही.

कार्ड कधी पोचेल, कोण जाणे. तुमच्या ओळखीत कुणी आमची जात पाळत असेल तर त्यांना सांगा: मादीची पहिली खेप सहा महिन्यांच्या आत झाली नसेल, तर मग कधीच होऊ देऊ नका. पण त्याआधी कुणी बाभुळगावकडे निघालं असेल, तर भागीरथाचं घर विचारा. पौर्णिमेला चारच दिवस उरलेत.