आमच्यातली

"मोरे? म्हंजे आमच्यातलीच गो तू!"

अंबूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. ओटीवर नाचणीचा ढीग पडला होता, त्यातली कणसं त्या निवडत होत्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, वाळक्या काटकीसारख्या. पण डोळे एकदम उजळले होते.

नूतनच्या हातात रेकॉर्डर चालू होता. आवाज नीट येतोय का, हे बघायला तिने नुकतंच बटण दाबलं होतं. ती पटकन म्हणाली, "हो आजी. तुमच्यातलीच."

उंबरदांड ही चौदा घरांची वाडी. हिरकणीवाडीच्या पुढे गाडी सोडायची आणि दीड तास डोंगर चढायचा. चौदाही घरं मोऱ्यांची, मराठ्यांची. नूतनही मोरे, पण महाडच्या बौद्धवाडीतली. खोटं असं ती काही बोलली नव्हती. आडनाव खरंच होतं. पुढचा एक शब्द सांगायचा राहिला होता, एवढंच. निदान त्या क्षणी तिने स्वतःची तशी समजूत घातली.

सामुदायिक रेडिओ केंद्रात तिला सहा वर्षं झाली होती. महाड आणि पोलादपूरच्या वाड्यांवर जायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं करायचं आणि दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता 'वाडीवरची माणसं' हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम द्यायचा, हे तिचं काम. जूनमध्ये अशाच एका वाडीवर तिला कुणीतरी जात विचारली होती, आणि तिने सरळ सांगितलं होतं. कुणी वाईट बोललं नाही. फक्त एकेकाला गुरं आठवली, कुणाला चुलीवरचं दूध आठवलं, आणि पाच मिनिटांत अंगण रिकामं झालं. कुत्र्यांचं भुंकणं आणि पाखरांचे आवाज घेऊन ती परत आली. केंद्राचे प्रमुख म्हणाले होते, "नूतनताई, माणसांना बोलतं करणं ही पण एक कला असते हो." तिने मान डोलावली होती.

"भाईर काय बसलीस पाव्हन्यासारी? आत ये," अंबूबाई उठल्या. "सुंदरे, भाकरी टाक गो. आपली पोर आलीया, महाडवरनं."

सून सुंदराबाई चुलीपाशी होती. तिने पाट पुढे सरकवला. गरम नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, वर कच्चा कांदा. नूतनला भूक लागली होती. ती चुलीपासून हातभर अंतरावर बसून जेवली, आणि अंबूबाई बोलत राहिल्या. सगळ्या वाडीला ठाऊक असलेली गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली. नवरा मुंबईला गोदीत होता, तेव्हा बिबट्या गोठ्यात शिरला. त्यांनी दाराला पाठ लावून, कालवडीच्या गळ्यात हात टाकून पहाटेपर्यंत त्याला शिव्या घातल्या.

"कोनत्या शिव्या आजी?"

"त्या काय रेडिवर सांगायच्या असत्यात गो!" म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. सुंदराबाई हसली. नूतनही पोटभर हसली.

निघताना अंबूबाईंनी तिला उंबऱ्यात थांबवलं. "माह्यारास आलीस तं रिकामी कशी जाशील?" त्यांनी कुंकवाचा करंडा आणला. नूतनच्या घरात कुंकू तिच्या आजीच्या वेळेपासून नव्हतं. क्षणभर तिची मान ताठ झाली. मग तिने कपाळ पुढे केलं. ओंजळीत नारळ आला.

खाली गाडीची वाट पाहताना तिने रुमाल ओला केला आणि कपाळ पुसलं. लाल डाग रुमालावर पसरला. तिने तो घडी करून पिशवीच्या तळाशी घातला.

"नारळ कुठला?" घरी वडिलांनी विचारलं.

"वाडीवरच्या आजींनी दिला."

"चांगली माणसं दिसतात," अरविंद मोरे म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो फोडून चटणी वाटली. आई गेल्यापासून स्वयंपाक दोघं मिळून करत. चटणी छान झाली म्हणून त्यांनी दोनदा वाढून घेतली.

दोन दिवसांनी नूतनला ताप भरला. रेकॉर्डिंग तिने केंद्रात देऊन ठेवलं होतं. ते कापून-जोडून कार्यक्रम तयार करण्याचं काम उज्वलाने केलं. उज्वला तिची मैत्रीण, केंद्रात तिच्या शेजारच्याच टेबलावर बसणारी. "तू झोप, मी बघते," असं तिने फोनवर सांगितलं. सुरुवातीचं ते बोलणं काढून टाक, असं सांगायला नूतनने दोनदा फोन हातात घेतला. पण सांगायचं तर कारण द्यावं लागलं असतं. ते कोण ठेवतंय, नुसती आवाजाची चाचणी होती, असं म्हणून तिने फोन ठेवून दिला.

गुरुवारी सहा वाजता वडिलांनी नेहमीप्रमाणे पडवीत रेडिओ लावला. मुलीचा एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नव्हता. आत गोधडीखाली पडलेल्या नूतनने ऐकलं, कार्यक्रमाची धून संपली आणि लगेच म्हातारीचा तो खणखणीत आवाज आला.

"मोरे? म्हंजे आमच्यातलीच गो तू!"

"हो आजी. तुमच्यातलीच."

मग दोघींचं हसणं. नंतरची वाक्यं नूतनच्या कानात शिरलीच नाहीत. वडिलांनी अर्धा तास पूर्ण ऐकला. बिबट्याही ऐकला, कालवडही ऐकली. मग रेडिओ बंद केला आणि दारात येऊन म्हणाले, "गोळी घेतलीस का?"

"घेतली."

ते बाहेर गेले. त्यानंतर ते तिच्याशी कामापुरतंच बोलू लागले.

गोष्ट तिथेच थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण कार्यक्रम लोकांना फार आवडला. प्रमुखांनी उज्वलाची पाठ थोपटली आणि तेवढाच तुकडा कापून केंद्राची जाहिरात तयार करायला सांगितली. सोमवारपासून सकाळ, दुपार, संध्याकाळ, बातम्यांच्या आधी आणि भावगीतांच्या नंतर तो वाजू लागला. "आमच्यातलीच गो तू!" "हो आजी. तुमच्यातलीच." आणि त्यावर एका पुरुषाचा भारदस्त आवाज : आपलं रेडिओ केंद्र, आपल्यातलंच.

बिरवाडीच्या रिक्षांमध्ये तो वाजला. बाजारपेठेत चपलांच्या दुकानात वाजला. बौद्धवाडीत तर प्रत्येक घरात वाजला. नूतन ताप उतरल्यावर पहिल्यांदा दळण घेऊन बाहेर पडली, तेव्हा शेजारच्या राहीबाई गिरणीत बसल्या होत्या.

"काय गो नूतन, आपन कवापासनं त्यांच्यातले झालो?" त्या हसत म्हणाल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण नूतनचा चेहरा पाहून त्यांचं हसू थांबलं, आणि त्यांनी उगाच पिठाच्या डब्याचं झाकण काढून पुन्हा लावलं. त्यांचं ते गप्प होणं नूतनला जास्त लागलं.

नूतनच्या घरात वीस मार्चला पाय ठेवायला जागा नसे. नांदेडहून, नागपूरहून चवदार तळ्यावर आलेली माणसं ओळख नसताना येऊन जेवत. लहानपणापासून नूतन त्यांना वाढायची, आणि पाहुण्यांना सांगायची की माझ्या वडिलांचे आजोबा पहिल्या दिवशी तळ्यावर होते. हे ती रेडिओवरही बोलली होती. आता गिरणीतून घरी येताना तिला ते आठवलं, आणि रस्त्यात कुणी भेटू नये म्हणून ती मागच्या बोळातून आली.

वडील पडवीत वर्तमानपत्र वाचत होते. तिने दळण ठेवलं आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अण्णा, तुम्ही मला बोला तरी काहीतरी."

त्यांनी चष्मा काढला. तीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली होती. डोंगरातल्या गावांत वस्तीची गाडी घेऊन जायचे, तेव्हा गावकरी ड्रायव्हर-कंडक्टरला जेवायला बोलवायचे. कुणी नाव विचारायच्या आत ते सांगायचे, "मोरे, बौद्ध." तिकीट फाडून हातात द्यावं तसं. कुठे आत बोलवायचे, कुठे शिधा आणून द्यायचे. शिधा आला तर ते गाडीतल्या स्टोव्हवर भात टाकायचे. याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नव्हती आणि फुशारकीही मारली नव्हती.

"हो म्हणालीस, ते मी समजू शकतो," ते म्हणाले. "काम होतं. लांब गेली होतीस. माणूस अडचणीत हो म्हणतो. मी कधी हो म्हणालो नाही, पण तो माझा हट्ट होता. सगळ्यांना जमावा असं नाही."

"मग?"

"तुझा आवाज." त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "दिवसातून आठ वेळा ऐकतोय मी. अडचणीतल्या माणसाचा आवाज नाही तो. तुला आनंद झाला होता, नूतन."

ते खरं होतं. त्या वेळी ओटीवर, त्या म्हातारीचे डोळे उजळले तेव्हा, तिला खरंच आनंद झाला होता. भीती नाही, नाइलाज नाही. आपल्याला आत घेतलं, याचा आनंद. हे तिने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं, आणि वडिलांनी ते ऐकून ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात गेली आणि उज्वलाला बाजूला घेऊन म्हणाली, "ती जाहिरात काढ."

"अगं, सगळ्यात गाजलेली जाहिरात आहे ती. का?"

नूतनने सांगितलं. उज्वलाला आधी कळलंच नाही. मग ती गोंधळून म्हणाली, "पण तू खोटं कुठे बोललीस? आडनाव मोरेच आहे की तुझं."

"उज्वला, काढ ना."

उज्वलाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. दुपारपासून जाहिरात थांबली. प्रमुखांना तिने फाईल खराब झाल्याचं सांगितलं. म्हणजे आणखी एक खोटं, आणि तेही नूतनसाठी.

शनिवारी नूतन उंबरदांडला गेली. रेकॉर्डर घरीच ठेवला होता.

अंबूबाई अंगणात पेंढा पसरत होत्या. तिला पाहताच त्यांनी हाक मारली, "आली गो माजी बाय! सुंदरे, बघ कोन आलीया. आगो, मुंबईवरनं माज्या पोराचा फोन आला, आये तुजा आवाज मोबाईलवर ऐकला म्हनून. चल आत."

"आजी, थांबा. आधी ऐका." नूतन अंगणातच उभी राहिली. चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती. "मी मोरे आहे, पण तुमच्यातली नाही. मी बौद्ध आहे. महाडच्या बौद्धवाडीतली. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, तेव्हा मी हो म्हणाले."

सुंदराबाई दारात आली होती. ती तिथेच थबकली. अंबूबाईंच्या हातात पेंढ्याची पेंडी होती. ती त्यांनी खाली ठेवली नाही.

मग त्या म्हणाल्या, "तवा सांगितला असतास, तं चुलीपाशी नसती नेली. खोटा कशाला बोलू?"

"माहीत होतं मला."

"मंग आता कशाला सांगाय आलीस? माला काय कलनार होता? मी मरून गेली असती, तरी नसता कलला."

नूतन म्हणाली, "मला लाज वाटत होती, आजी."

"कसली? बौद्ध हायस त्याची?"

"नाही. हो म्हणाले त्याची."

अंबूबाईंनी पेंडी खाली टाकली. सुनेकडे पाहिलं, आणि सुनेने जमिनीकडे. मग त्यांनी पदराने ओटीची कड झटकली. "बस," असं म्हणता म्हणता त्या अडखळल्या, आणि मग म्हणाल्या, "बसा."

नूतन ओटीच्या कडेवर बसली. थोड्या अंतरावर अंबूबाईही बसल्या. समोरच्या डोंगराच्या दांडावर गुरं चरत होती, त्यांच्याकडे दोघी बघत राहिल्या.

"चा टाकाय सांगू?" अंबूबाईंनी विचारलं. आवाजात कठोरपणा नव्हता. पण हे विचारताना त्यांनी दाराच्या आत, फळीवरच्या भांड्यांकडे पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. नूतनने ती आठी पाहिली.

"नको आजी. गाडी चुकेल."

"सावकास जावा," अंबूबाई उठल्या. "वाटंला शेवाळ हाय."

सहाच्या सुमारास नूतन घरी पोचली. वडील पडवीत बसले होते. तिने चपला काढल्या आणि खांबाला टेकून उभी राहिली.

"उंबरदांडला गेले होते. सांगून आले."

अरविंद मोऱ्यांनी मान वर केली. "बसायला सांगितलं?"

"हो. ओटीवर."

"चहा?"

"विचारला. मी नको म्हटलं."

"का?"

"त्यांना कुठला कप द्यायचा ते ठरवावं लागलं असतं."

वडील तिच्याकडे बघत राहिले. त्या गुरुवारनंतर ते तिच्याकडे इतका वेळ पहिल्यांदाच बघत होते.

"रेडिओवर सांगणार आहेस?"

"माहीत नाही, अण्णा. तेवढी हिंमत अजून नाही."

गुडघ्यावर हात ठेवून ते सावकाश उठले, स्वयंपाकघरात गेले. आतून भांड्यांचा आवाज आला. नूतन हातपाय धुऊन आत गेली, तेव्हा त्यांनी दोन ताटं घेतली होती आणि तिच्या ताटात भात वाढत होते. आमटी वाढण्याआधी, तिला लागते तशी, त्यांनी भातात मध्ये खळगी केली.